हिवतापाची गोळी आणि पेशींची पानगळ

आपल्या ओळखीच्या पाच-दहा घरांत चौकशी केली, तर एखाद्या घरी तरी आमवाताने बोटांचे सांधे सुजलेली आत्या, मावशी किंवा सासूबाई आढळतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांत पुष्कळदा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशा लांबलचक नावाची एक गोळी असते. घरातील सून मोबाइलवर ते नाव शोधून पाहते आणि म्हणते, "अहो आई, ही तर मलेरियाची गोळी आहे!" मग सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकते. अंगात ताप नाही, हुडहुडी नाही, मग हिवतापाचे औषध कशासाठी? डॉक्टरांची काही गफलत तर झाली नाही ना? आणि कित्येक घरांत कोणालाही न विचारता ती गोळी बंद होते.

ही शंका अगदी रास्त आहे. मात्र तिच्यापायी गोळी बंद करणे रास्त नाही. परोपजीवी जंतूंना मारण्यासाठी निघालेले औषध आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींवर काय परिणाम करते, त्या पेशी त्यामुळे शांत कशा होतात, व प्रसंगी स्वतःचा अंत स्वतःच कसा करून घेतात, हा आधुनिक जीवशास्त्रातील एक मोठा मनोरंजक विषय आहे. तो समजला म्हणजे गोळी का घ्यावयाची, किती घ्यावयाची आणि कोणती काळजी बाळगावयाची हेही आपोआप उमगते. शिवाय या कथेचा पहिला धागा आपल्या हैदराबाद-सिकंदराबादेतच सापडतो. म्हणून आरंभ तेथूनच करू.

बेगमपेठेतील काळे कण

इ. स. १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस नावाचे लष्करी डॉक्टर बेगमपेठेतील एका लहानशा रुग्णालयात डासांची चिरफाड करीत बसले होते. हिवताप डासांमुळे होतो की काय, हा प्रश्न त्यांनी दोन वर्षे उराशी बाळगला होता. हुसेन खान नावाच्या एका हिवतापाच्या रुग्णाने पैसे घेऊन आपले रक्त डासांना पिऊ दिले होते. असे रक्त प्यालेल्या, पंखांवर ठिपके असलेल्या डासांपैकी एकाचे जठर २० ऑगस्ट रोजी रॉस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. जठराच्या भिंतीत त्यांना काही वाटोळ्या पेशी दिसल्या आणि त्या पेशींत बारीक काळे कण दिसले. डासाच्या शरीरात तसले कण कधी असत नाहीत. हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तातील जंतूंत मात्र ते हमखास असतात. त्या काळ्या कणांवरून रॉस यांनी ओळखले की, माणसाच्या रक्तातला जंतू डासाच्या पोटात जाऊन वाढत आहे. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस आजही जगभर डास-दिन म्हणून पाळला जातो, आणि नल्लाकुंट्याच्या ज्या रुग्णालयाला आपण फीव्हर हॉस्पिटल म्हणतो, त्यालाही रॉस यांचेच नाव दिलेले आहे.

हे काळे कण कसले? हिवतापाचा जंतू आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि तेथील हिमोग्लोबिन खाऊन वाढतो. हिमोग्लोबिन पचवताना त्यातून हीम नावाचा लोहयुक्त भाग मोकळा होतो. हा भाग जंतूला विषासारखा असतो. म्हणून जंतू त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून आपल्या पचनाच्या कोठीत साठवून ठेवतो. तेच हे काळे कण. त्यांना हिमोझॉइन म्हणतात. बेगमपेठेत रॉस यांना ज्या कणांनी वाट दाखवली, तेच कण बनू न देणे हे पुढे निघालेल्या क्लोरोक्विन या औषधाचे मुख्य काम ठरले. कण बनले नाहीत म्हणजे हीम साचते आणि जंतू आपल्याच अन्नाच्या विषाने मरतो.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे औषध जंतूच्या सर्व शरीरावर सारखे पसरत नाही. ते त्याच्या आम्लाने भरलेल्या पचनाच्या कोठीत जाऊन बसते. पुढील सर्व कथेची किल्ली या एका वाक्यात आहे.

हिवतापाकडून सांध्यांकडे

हिवतापावरचे जुने औषध म्हणजे सिंकोना वृक्षाच्या सालीतील क्विनाईन. पॅरिसमध्ये १८२० साली ते सालीतून वेगळे काढण्यात आले. लंडनचे डॉक्टर पेन यांनी १८९४ साली क्विनाईनचा उपयोग ल्युपस या त्वचाविकारावर होतो असे नमूद केले होते. परंतु त्याचा फारसा पाठपुरावा झाला नाही.

दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या ताब्यात गेले आणि दोस्त राष्ट्रांना सिंकोनाची साल मिळेनाशी झाली. तेव्हा लाखो सैनिकांना मेपाक्रिन नावाची कृत्रिम गोळी रोज देण्यात येऊ लागली. त्या गोळीने कातडी पिवळी पडे. पण ज्या सैनिकांना त्वचेवर चट्टे किंवा सांध्यांचा विकार होता, त्यांपैकी काहींना आराम पडल्याचे दिसून आले. १९५१ साली इंग्लंडमधील डॉक्टर पेज यांनी ल्युपसच्या १८ रुग्णांना मेपाक्रिन दिल्याचा वृत्तान्त लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केला. बहुतेकांना गुण आला होता. तेथून या औषधांचा सांध्यांच्या व त्वचेच्या विकारांकडे खरा प्रवास सुरू झाला.

क्लोरोक्विन हे मेपाक्रिनचे भावंडच म्हणावयास हरकत नाही. जर्मनीत हान्स आंडरझाग यांनी ते १९३४ साली तयार केले. परंतु फार विषारी समजून ते बाजूला ठेवण्यात आले. त्याची खरी किंमत महायुद्धाच्या काळात कळली. त्याच्या रेणूला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक लहानशी जोडी लावली म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन होते, आणि ते क्लोरोक्विनपेक्षा सौम्य पडते. अमेरिकेत १९५५ साली त्यास परवानगी मिळाली. आज आमवात व ल्युपस या दोन्ही विकारांत जगभर ते देतात. आपल्या निजाम इन्स्टिट्यूटच्या संधिवात विभागात येणाऱ्या रुग्णांनाही हे नाव परिचयाचे आहे.

अनुभवाने औषध सापडले खरे, पण ते काम कसे करते हे पुढे कित्येक वर्षे गूढच होते. ते उकलण्यासाठी आधी पेशी कशी मरते हे पाहिले पाहिजे.

पेशी मरते म्हणजे काय होते?

पेशीला मरण दोन प्रकारे येते. भाजले, ठेचले किंवा रक्तपुरवठा तुटला म्हणजे पेशी फुगते, फुटते आणि आतील द्रव्य भोवताली सांडते. त्यामुळे तेथे सूज येते, लाली येते, ठणका लागतो. हे अपघाती मरण होय.

दुसरे मरण निराळे आहे. गर्भात बाळाचा हात प्रथम चप्पूसारखा सलग असतो. बोटांमधील पेशी ठरल्या वेळी नाहीशा होतात तेव्हा बोटे सुटी होतात. बेडकाच्या पिलाची शेपटी अशीच गळते. येथे ना सूज, ना पू, ना ठणका. पेशी आकसते, तिच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्याचे तुकडे होतात, सर्व पेशी लहान लहान पुडक्यांत बांधली जाते आणि शेजारच्या सफाई करणाऱ्या पेशी ती पुडकी गिळून टाकतात. केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी १९७२ साली या मरणाला ॲपॉप्टोसिस असे नाव दिले. हा ग्रीक शब्द झाडाची पाने गळण्यासाठी वापरीत. आपल्या भाषेत पानगळ हा शब्द तयारच आहे. शिशिरात पान गळते ते वाऱ्याच्या तडाख्याने नव्हे. देठाशी झाडानेच तशी तजवीज केलेली असते. पेशींचेही तसेच आहे. मरणाचा हुकूम प्रत्येक पेशीच्या आत आधीच लिहून ठेवलेला असतो.

हा हुकूम कोणत्या जनुकांत लिहिलेला आहे हे एका बारीकशा कृमीवरील संशोधनाने कळले. मिलिमीटरभर लांबीच्या त्या कृमीच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतील नेमक्या १३१ ठरल्या वेळी मरतात. ब्रेनर, हॉर्व्हिट्झ व सल्स्टन यांना या कामाबद्दल २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शहरातही हबशीगुड्याच्या सीसीएमबी या संस्थेत घनश्याम स्वरूप यांच्या गटाने डोळ्याच्या दृष्टिपटलातील पेशी अशा रीतीने कशा मरतात यावर काम केलेले आहे.

कुंपणच शेत खाते तेव्हा

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी ही शरीराची राखण करणारी फौज होय. तिच्यातील लिंफोसाइट नावाच्या पेशी परक्या जंतूस ओळखतात, त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये करतात आणि इतर पेशींना लढाईस उभे करतात. अशा फौजेत दोन प्रकारचे शिपाई धोक्याचे असतात. पहिला आपपर न ओळखणारा, आणि दुसरा लढाई संपली तरी तलवार म्यान न करणारा. या दोघांनाही शरीर पानगळीच्या मार्गाने निरोप देते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तेथे तयार होणाऱ्या लिंफोसाइटांपैकी फारच थोड्या परीक्षेत उतरून बाहेर पडतात. बाकीच्या तेथेच मरतात. त्याचप्रमाणे साथीचा ताप आला म्हणजे लाखोंनी वाढलेल्या पेशी, ताप उतरल्यावर बहुतेक गळून जातात आणि आठवण ठेवणाऱ्या थोड्या मागे राहतात.

ही गळती थांबली तर काय होईल? १९९२ साली जपानी संशोधकांनी दाखविले की, लिंफोसाइटांना मरणाचा निरोप पोहोचविणारे फास नावाचे जनुक ज्या उंदरांत बिघडलेले असते, त्यांच्या गाठी फुगतात आणि त्यांना ल्युपससारखा विकार जडतो. म्हणजे राखणदारांनी वेळेवर निघून न जाणे हाही एक रोगच आहे. आमवातात ही फौज सांध्याच्या अस्तरावर चालून जाते. ल्युपसमध्ये त्वचा, सांधे, मूत्रपिंड, कधी मेंदूही तिच्या तडाख्यात सापडतो. कुंपणच शेत खाऊ लागले तर शेतकऱ्याने जावे कोठे? हे दोन्ही विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. ल्युपसमध्ये तर दहांतील नऊ रुग्ण स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा संसाराच्या ऐन उमेदीतल्या.

ल्युपसमध्ये आणखी एक अडचण असते. पाने गळतात, पण पाचोळा वेळेवर झाडला जात नाही. मेलेल्या पेशींच्या केंद्रकातील द्रव्य तसेच पडून राहते. राखणदार पेशी ते गिळतात आणि परक्या जंतूचेच द्रव्य समजून पुन्हा खवळतात. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

आम्लाची कोठी

आता आपल्या गोळीकडे वळू. हिवतापाच्या जंतूला जशी पचनाची कोठी असते, तशाच लहान लहान कोठ्या आपल्या पेशींतही असतात. १९५५ साली बेल्जियमचे द दूव्ह यांनी त्यांचा शोध लावला. त्यांना लायसोझोम, आपल्या शालेय पुस्तकांच्या भाषेत लयकारिका, असे म्हणतात. पेशीत आलेले परके पदार्थ आणि पेशीतील जुने सामान येथे आणून जिरविले जाते. त्यासाठी आत आम्ल असते आणि प्रथिने चिरणारी कॅथेप्सिन नावाची पाचक द्रव्ये असतात. या कोठीची भिंत हीच पेशीची सुरक्षितता होय. आतले द्रव्य आत आहे तोवर ते पचन करते. बाहेर आले तर घरच खाऊ लागते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे रसायनशास्त्राच्या भाषेत दुबळे आम्लारी आहे. त्याच्या रेणूवर विद्युत्प्रभार नसतो तेव्हा तो पेशीच्या पटलांतून सहज आरपार जातो. परंतु आम्लाच्या कोठीत शिरताच आम्लातील धन प्रभार त्यास चिकटतो, आणि प्रभार असलेल्या रेणूला ते पटल ओलांडता येत नाही. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती; तशीच या रेणूची गत होते. एकामागून एक रेणू आत जातात व अडकतात. त्यामुळे रक्तात औषध अगदी थोडे असले तरी या कोठ्यांत ते शेकडो पटींनी, कधी त्याहूनही अधिक, साचते.

मग तीन पायऱ्यांनी परिणाम होतो.

पहिली पायरी मंदपणाची. आत साचलेले आम्लारी आम्लाची धार बोथट करते. पाचक द्रव्ये सुस्त होतात. राखणदार पेशी परका पदार्थ चिरून त्याचे तुकडे इतरांना दाखवते आणि "शत्रू आला" अशी हाकाटी करते. ती हाकाटी मंदावते. शिवाय मेलेल्या पेशींच्या पाचोळ्यातील केंद्रक-द्रव्य ओळखून खवळणारी जी यंत्रणा याच कोठ्यांत असते, तिलाही खीळ बसते. ल्युपसमध्ये गुण येण्याचे एक मोठे कारण हेच मानतात.

दुसरी पायरी तुंबण्याची. पेशीतील जुने, मोडके सामान लयकारिकांत नेऊन जिरविण्याची एक व्यवस्था असते. तिला स्वभक्षण म्हणता येईल. जपानचे ओसुमी यांना तिच्या अभ्यासाबद्दल २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आम्ल बोथट झाले म्हणजे हे सामान जिरत नाही. मोरी तुंबल्यावर घराची जी अवस्था होते, ती पेशीची होते.

तिसरी पायरी मात्र मरणाची. औषधाची मात्रा पुरेशी वाढली म्हणजे कोठी फुगते, तिची भिंत झिरपू लागते आणि कॅथेप्सिन बाहेर येते. फ्रान्समधील संशोधकांनी २००३ साली याचा क्रम पायरीपायरीने दाखवून दिला. आधी लयकारिकेची भिंत झिरपते. मग पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांच्या, म्हणजेच मायटोकाँड्रियांच्या, बाहेरच्या पटलास बॅक्स व बॅक नावाच्या प्रथिनांमुळे भोके पडतात. तेथून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर निसटते. एरवी ऊर्जानिर्मितीत राबणारे हे प्रथिन बाहेर आले की तेच मरणाचा निरोप्या बनते. त्याच्या येण्याने कॅस्पेज नावाच्या कात्र्या जाग्या होतात, आणि त्या पेशीतील प्रथिने ठरल्या जागी कापीत सुटतात. पेशी आकसते, पुडकी बांधली जातात, पानगळ पुरी होते.

या प्रयोगातील दोन गोष्टी फार बोलक्या आहेत. औषधाला कोठीत साचू न देणारे दुसरे द्रव्य आधी दिले, तर पेशी मरत नाही. आणि ज्या पेशींत बॅक्स व बॅक ही प्रथिनेच नाहीत, त्यांच्या कोठ्या झिरपतात पण त्याही मरत नाहीत. याचा अर्थ असा की, औषध पेशीचा थेट खून करीत नाही. ते फक्त कोठीचे दार किलकिले करते. पुढचा हुकूम पेशीचाच, आणि तो बजावणारे हातही पेशीचेच.

रक्तातील राखणदार पेशींवरही हे पाहण्यात आले. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी माणसाच्या रक्तातून लिंफोसाइट काढून त्यांवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घातले, तेव्हा त्या याच पानगळीच्या मार्गाने मरताना दिसल्या. लिंफोसाइटांच्या एका प्रकारच्या रक्तकर्करोगात वाढणाऱ्या पेशींवरही पुढे असाच परिणाम आढळला.

कोठीचे महत्त्व दुसऱ्या बाजूनेही सिद्ध झाले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हिवतापाचे काही जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले. भारतात असा जंतू प्रथम १९७३ साली आसामात नोंदला गेला. या जंतूंनी केले काय? २००० साली उलगडा झाला की, पचनाच्या कोठीच्या पटलातील एका प्रथिनात त्यांनी असा बदल करून घेतला होता की, आलेले औषध बाहेर घालविता यावे. म्हणून मेंदूपर्यंत जाणाऱ्या फाल्सिपेरम हिवतापावर आता आपल्या देशात क्लोरोक्विन देत नाहीत, आर्टेमिसिनिनची जोड औषधे देतात. व्हायव्हॅक्स हिवतापावर मात्र क्लोरोक्विन अजून चालते. आपल्या पांढऱ्या पेशींना ही युक्ती साधलेली नाही, म्हणून सांध्यांसाठी औषध अजून कामास येते.

काचेच्या बशीतले सत्य आणि शरीरातले सत्य

एवढे वाचून कोणी विचारील की, मग ही गोळी घेणाऱ्याच्या सगळ्या पांढऱ्या पेशी मरून जातात की काय? तसे मुळीच नाही. प्रयोगशाळेत पेशी मारण्यासाठी औषध जितके दाट घालावे लागले, तितके ते नेहमीच्या मात्रेत रक्तात नसते. रुग्णाच्या शरीरात मुख्यतः पहिल्या दोन पायऱ्यांचे, म्हणजे फौजेला शांत करण्याचे काम होते असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. पानगळीचा वाटा त्यात थोडा असावा. म्हणूनच प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या इतर जालीम औषधांप्रमाणे या गोळीने रुग्ण वारंवार संसर्गाला बळी पडत नाही. बशीतले सत्य खोटे नसते, परंतु ते शरीराला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते ते २०२० साली साऱ्या देशाने पाहिले. करोनाची साथ आली, आणि हे औषध विषाणूला थोपविते अशी बातमी पसरली. ते दिसले होते माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर ते चालत नाही, हे काही महिन्यांनी जर्मनीत सिद्ध झाले. दरम्यान मार्च महिन्यात आपल्याकडे वैद्यकीय कर्मचाऱ्यांना व रुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधासाठी ते घ्यावे अशी सूचना निघाली, निर्यातीवर निर्बंध आले, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकू नये असा कडक नियमही झाला. तरीही लोकांनी गोळ्यांचे साठे करून ठेवले. ज्या भगिनींना आमवातासाठी वा ल्युपससाठी ती रोज लागते, त्यांची मुले एका औषधाच्या दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडत राहिली. पुढे इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत औषध दिलेल्या १५६१ रुग्णांपैकी २७ टक्के, तर न दिलेल्या ३१५५ रुग्णांपैकी २५ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले, असे आढळले. म्हणजे करोनात त्याचा लाभ काहीच नव्हता. ज्यांना गरज नव्हती त्यांनी ते घेतले आणि ज्यांना गरज होती त्या तिष्ठत राहिल्या.

घरात काय पाळावे

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून लेख पुरा करू. त्या चारही वरील शास्त्रातूनच निघतात.

पहिली गोष्ट धीराची. औषध कोठ्यांत हळूहळू साचते, म्हणून गुणही हळूहळू येतो. सहा आठवड्यांपासून कधी सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी लागते. पंधरा दिवसांत बोटे सुटली नाहीत म्हणून गोळीला नावे ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट सातत्याची. बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. कॅनडात १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ल्युपस शांत असताना ज्यांची गोळी थांबविली त्यांच्यात विकार उसळण्याचे प्रमाण, चालू ठेवलेल्यांच्या अडीच पट आढळले. ल्युपस असलेल्या लेकीसुनांना दिवस गेले म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी काळजीपोटी सर्व औषधे बंद करावयास सांगतात. या औषधाच्या बाबतीत मात्र तज्ज्ञांचा सल्ला सामान्यतः ते चालू ठेवण्याचा असतो. डॉक्टरांना विचारल्याखेरीज काही करू नये.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. दृष्टिपटलामागील रंगद्रव्याच्या पेशींतही हे औषध चिकटून राहते आणि वर्षानुवर्षे साचले तर तेथे अपाय करते. झालेली हानी भरून येत नाही. म्हणून मात्रा वजनावर ठरवितात. दर किलो वजनास दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. ५० किलो वजनाच्या बाईला ही मर्यादा २५० मिलिग्रॅम होते. २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घेतल्या तर ती ओलांडली जाते. मात्रा मर्यादेत राहिली तर पहिल्या पाच वर्षांत शंभरांत एकाहूनही कमी जणांस अपाय होतो, दहा वर्षांपर्यंत दोहोंहून कमी. मात्र वीस वर्षांनंतर हे प्रमाण सुमारे वीसांवर जाते. म्हणून पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तपासणी आधीपासूनच लागते, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. डोळ्यांच्या मोठ्या संस्था आपल्या शहरात आहेत, तेव्हा दूरवर जावे लागते ही सबब येथे चालण्यासारखी नाही.

चौथी गोष्ट नातवंडांची. मोठ्या माणसाला मानवणारी ही गोळी दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. थोड्या गोळ्यांनीही हृदयाचे ठोके बिघडतात. आजीच्या उशाखाली किंवा देवघराच्या फळीवर तिची पाकिटे ठेवू नयेत. उंच कपाटात कुलपात ठेवावीत.

हिवतापाचा जंतू, आपली राखणदार पेशी आणि डोळ्याच्या पडद्यामागची पेशी, या तिन्ही ठिकाणी औषध एकच काम करते. ते साचते. जंतूत साचले तर त्याचा नाश होतो, राखणदार पेशीत मर्यादेने साचले तर सांध्यांना विसावा मिळतो, आणि डोळ्यात अमर्याद साचले तर दृष्टी जाते. तेव्हा ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे, त्यांनी या आठवड्यात दोन कामे अवश्य करावीत. रुग्णाचे वजन करून रोजची मात्रा त्याच्याशी पडताळून पाहावी, आणि डोळ्यांची शेवटची तपासणी कोणत्या साली झाली ते कागदपत्रांत शोधावे. हिशेब जुळत नसेल तर गोळी न थांबविता, ते कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे.